एस्प्रेसोसाठी घरगुती छोटा ग्राइंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्प्रेसो मशीन घरी आलं की आठवडाभरात ग्राइंडरची शोधाशोध सुरू होते, आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते. खालची उत्तरं एक-दोन कॉफी पिणाऱ्यांच्या घरासाठी आहेत, जिथे ओट्यावर वीतभर जागा मोकळी आहे आणि सकाळी घाई असते.

घरात मिक्सर आहे. चटणीच्या भांड्यात बिया फिरवल्या तर काय बिघडतं?

फ्रेंच प्रेससाठी किंवा उकळून करायच्या कॉफीसाठी फारसं काही नाही, भांड्याला लसणाचा वास नसला म्हणजे झालं. एस्प्रेसोचं मात्र सगळंच बिघडतं. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. काही तुकडे भरड राहतात, काहींचं पार पीठ होतं, आणि एकसारखं करायच्या नादात जास्त फिरवलं तर पूड गरम होते.

एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं पाणी दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीतून जातं. त्या चकतीत जिथे सैल वाट सापडेल तिथूनच पाणी पळतं. त्या वाटेवरच्या पुडीतून नको तेवढा अर्क उतरतो, आजूबाजूच्या पुडीतून काहीच उतरत नाही. म्हणून एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही. बर ग्राइंडरचं तत्त्व आपल्या जात्याचं: दोन दातेरी भाग (यांनाच बर म्हणतात), त्यातला एक फिरता, आणि मधलं अंतर आपल्या हातात. दाणा त्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय खाली पडतच नाही.

बजेट ठरलेलं आहे. मशीनवर किती घालू, ग्राइंडरवर किती?

निम्मे-निम्मे धरून चला. लोक नव्वद टक्के मशीनवर घालतात आणि उरलेल्यात मिळेल तो ग्राइंडर घेतात. साधं मशीन आणि चांगला ग्राइंडर या जोडीतून पिण्याजोगी एस्प्रेसो निघते. उलट जोडीतून निघत नाही, कारण पाणी किती वेगानं वाहायचं हे शेवटी दळणच ठरवतं.

मशीनसोबत बास्केट आल्या आहेत. त्यांचा ग्राइंडरशी काय संबंध?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, उजेडाकडे धरून खालून बघा. तळाला शेकडो बारीक भोकं आरपार दिसली तर ती साधी, म्हणजे सिंगल-वॉल बास्केट. आतून पुष्कळ भोकं आणि बाहेरून एकच टाचणीएवढं छिद्र असेल तर ती प्रेशराइज्ड, डबल-वॉल.

प्रेशराइज्ड बास्केटमध्ये दाब त्या एका छिद्रामुळे तयार होतो, पुडीमुळे नव्हे. फेसही तिथूनच येतो. दुकानातून दळून आणलेली पूडही त्यात चालावी म्हणूनच तिची रचना तशी केलेली असते. तीच वापरत राहणार असाल तर एस्प्रेसोचा महागडा ग्राइंडर घेऊ नका. साधा बर ग्राइंडर भरपूर झाला, आणि वाचलेल्या पैशांत चांगल्या बिया येतील. फरक कपात दिसणारच नसेल तर विकण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींवर कशाला जायचं?

साध्या बास्केटवर यायचं असेल तर मात्र ग्राइंडरला पर्याय नाही. बास्केट वेगळी मागवताना माप बघा. डेलॉन्गी डेडिकासारख्या बारक्या मशीनला ५१ मिमीची लागते, गॅजिया क्लासिकला ५८ मिमीची.

एकच ग्राइंडर एस्प्रेसो आणि पोर-ओव्हर दोन्हींना चालेल?

चालतो. पण ‘चालतो’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या.

एस्प्रेसोला हवं असतं बारीक दळण, आणि त्या बारीक टप्प्यात अगदी केसभर फरकाने बदलता येण्याची सोय. पोर-ओव्हरला, म्हणजे कागदी फिल्टरमधल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून करायच्या कॉफीला, हवं असतं एकसारखं मध्यम दळण, ज्यात पीठ कमी असेल. सेटिंगमध्ये थोडं इकडे-तिकडे झालं तरी पोर-ओव्हर सांभाळून घेतो, एस्प्रेसो घेत नाही. त्यामुळे दोन्हींसाठी एकच घ्यायचा तर निवड एस्प्रेसोच्या निकषावर करायची. नुसता पोर-ओव्हरसाठी बनलेला ग्राइंडर एस्प्रेसोपर्यंत पोचतच नाही. फेलो कंपनीचा ओड हे त्याचं ठळक उदाहरण. ६४ मिमी व्यासाचे फ्लॅट (सपाट) बर, दिसायला देखणा, पण एस्प्रेसोसाठी तो नाहीच, आणि कंपनीही तसं सांगते.

खरी अडचण रोजच्या अदलाबदलीची आहे. सकाळी एस्प्रेसो आणि संध्याकाळी व्ही-६० (पोर-ओव्हरचं एक शंकूसारखं भांडं) असं चाललं तर दर वेळी सेटिंग मागे-पुढे होणार. क्लिकवाल्या, म्हणजे ठरावीक खाचांवर थांबणाऱ्या, ग्राइंडरमध्ये आकडा लक्षात ठेवला की परत त्याच जागी येता येतं. स्टेपलेस, म्हणजे क्लिक नसलेल्या ग्राइंडरमध्ये ‘साधारण इथेच होतं’ करत बसावं लागतं, आणि पहिला शॉट, म्हणजे पहिली एस्प्रेसो, बहुधा वाया जातो. शिवाय आत अडकून राहिलेली आधीची भरड पूड नव्या बारीक पुडीत मिसळते. दोन्ही पद्धती रोज करणाऱ्यांना मी एक विजेचा ग्राइंडर कायम एस्प्रेसोवर लावून ठेवा आणि जोडीला एक साधा हातग्राइंडर घ्या असं सांगतो. एका महागड्या ‘सर्वगुणसंपन्न’ ग्राइंडरपेक्षा हे स्वस्तात बसतं.

हाताचा घ्यावा की विजेचा?

सकाळी किती कप होतात ते मोजा. एक किंवा दोन होत असतील तर हाताचा. तीनच्या पुढे गेलात, किंवा घरात कुणाचं मनगट-खांदा दुखत असेल, तर विजेचा.

हातग्राइंडरबद्दल लोकांची समजूत जुन्या सिरॅमिक बरच्या, डुगडुगणाऱ्या ग्राइंडरवरून झालेली असते. ते दिवस गेले. आता स्टीलचे बर, वर-खाली दोन्हीकडे बेअरिंग आणि बारीक क्लिक असलेले हातग्राइंडर मिळतात, आणि तेवढ्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा ते दळतात चांगलं. त्यात मोटार नाही, सर्किट नाही, मोठा डबा नाही, त्यामुळे सगळा पैसा बरमध्ये जातो. मध्यम भाजलेल्या १८ ग्रॅम बिया एस्प्रेसोसाठी दळायला ४८ मिमी बर असलेल्या हातग्राइंडरला मिनिटभराच्या आत-बाहेर लागतं. ३८ मिमीवाल्याला याच्या दुप्पट लागतं, आणि ते हाताला जाणवतं.

आवाजाचाही मुद्दा आहे. बाळ झोपलेलं असताना सकाळी सहाला विजेचा ग्राइंडर लावून बघा, मग कळेल.

विजेच्यात ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून येणाऱ्यांत बराट्झा एन्कोअर ईएसपी, फेलो ओपस (दोन्हींत ४० मिमीचे कोनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराचे बर), युरेका मिनिओन आणि डीएफ-५४ ही नावं तुम्हाला सतत ऐकू येतील. पहिले दोन खरोखर दोन्ही पद्धतींसाठी आखलेले आहेत. मिनिओनचा ओढा एस्प्रेसोकडे आहे. डीएफ-५४ मध्ये ५४ मिमीचे फ्लॅट बर आहेत आणि दर वेळी मोजून बिया टाकायच्या, ही पद्धत.

जाहिरातीत ‘क्लिकमागे इतके मायक्रॉन’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

एक क्लिक फिरवल्यावर बर किती वर-खाली सरकतो तो आकडा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एस्प्रेसोसाठी घेताना बाकी सगळं सोडून आधी हाच बघा. १झेडप्रेसो जे-मॅक्समध्ये क्लिकमागे ८.८ मायक्रॉन, किनग्राइंडर के-६ मध्ये १६, आणि कमांदांते सी-४० मध्ये साधारण ३०. कमांदांते कमी दर्जाचा नाही, पोर-ओव्हरचा तर तो लाडका आहे. पण ३० मायक्रॉनची पायरी एस्प्रेसोला मोठी पडते: एका क्लिकवर शॉट वीस सेकंदांत धावतो, पुढच्या क्लिकवर थेंब-थेंब गळतो आणि मधली जागाच नसते. म्हणून ती पायरी निम्मी करणारा ‘रेड क्लिक्स’ नावाचा जादा भाग वेगळा मिळतो.

१५-१६ मायक्रॉनपर्यंत एस्प्रेसो आरामात जमते. त्याहून बारीक पायरी मिळाली तर छानच, पण तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. वेळ दोन-तीन सेकंद इकडे-तिकडे करायची असेल तर पुडीचं वजन पाव-अर्धा ग्रॅम बदलूनही काम होतं.

कोनिकल की फ्लॅट? ३८, ४८, ६४ मिमी?

कोनिकलमध्ये शंकूच्या आकाराचा बर बाहेरच्या कड्यात फिरतो. फ्लॅटमध्ये दोन सपाट कडी समोरासमोर असतात. कोनिकलची एस्प्रेसो जाड, भरलेली लागते. फ्लॅटमध्ये चवी सुट्या, स्पष्ट येतात. दूध घालून पिणार असाल तर हा वाद विसरा, दुधात तो विरघळून जातो. आकाराचं सांगायचं तर मोठा बर लवकर दळतो आणि त्याला जागाही जास्त लागते.

कुठल्या कॉफीला किती बारीक?

बोटांच्या चिमटीत घेऊन बघायची सवय लावा. तुर्की कॉफीला मैद्यासारखी. एस्प्रेसोला त्याहून किंचित जाड: चिमटीत गोळा धरते, पण चोळली की कण जाणवतात. मोका पॉटला (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) एस्प्रेसोपेक्षा थोडी जाड. एरोप्रेस आणि व्ही-६० ला बारीक ते मध्यम रव्यासारखी. फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रूला लापशीच्या रव्यासारखी भरड. यूट्यूबवरचे क्लिकचे आकडे सुरुवातीपुरते घ्या. एकाच मॉडेलच्या दोन ग्राइंडरचा शून्य बिंदूसुद्धा जुळेलच असं नाही.

आमच्याकडे पितळी फिल्टरची कॉफी होते. त्याला ग्राइंडर घेऊ?

चिकोरीवाली घेत असाल तर नको. चिकोरी भाजलेल्या मुळांची पूड असते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. ती ग्राइंडरमध्ये घातली तर आत थर बसतो. चिकोरी-मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. माटुंग्यात राहणाऱ्यांना तर समोर दळून देणारी दुकानं हाताशी आहेत.

शुद्ध कॉफी फिल्टरमध्ये करणार असाल तर घरचं ताजं दळण नक्की कळतं. मोका पॉटच्या आसपास सुरू करा. डिकॉक्शन रात्रभर उतरलंच नाही तर जाड करा.

बिया भाजून विकणारे रोस्टर मागवतानाच दळून देतात. मग घरी कशाला?

नागपूरचा कॉरिडॉर सेव्हन असो, मुंबईचा सबको असो की ब्लू टोकाई, ताज्या रोस्ट तारखेच्या बिया आता घरपोच मिळतात. ब्लू टोकाईसारखे काही जण पद्धत विचारून दळूनही देतात. फ्रेंच प्रेससाठी तसं घेतलंत तर पाकीट आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा, फार वाईट नाही. साध्या बास्केटच्या एस्प्रेसोला मात्र ते जमणार नाही. तुमच्या मशीनला, त्या दिवशीच्या बियांना नेमकं किती बारीक हवं हे रोस्टरला कळणार कसं? शिवाय पाकीट उघडल्यावर पूड रोज बदलते. सोमवारी जमलेला शॉट शुक्रवारी धावतो.

नवा ग्राइंडर आला. एस्प्रेसोसाठी लावायचा कसा?

०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या. रोस्ट होऊन आठ-दहा दिवस झालेल्या बिया घ्या. अगदी ताज्या बियांतला वायू पाण्याला नीट वाहू देत नाही.

१८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंद हे धरून चला. (५१ मिमीच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम मावत नसेल तर १४ ला २८.) कप काट्यावर ठेवा, बटण दाबलं की घड्याळ सुरू करा आणि कपात ३६ ग्रॅम झाल्यावर थांबवा. समजा पहिला शॉट १४ सेकंदांत आला, रंगाने फिकट आणि चवीला कच्च्या चिंचेसारखा. दळण बरंच बारीक करा, एकेक क्लिक करत बसू नका. पुढचा ४० सेकंदांवर गेला, काळपट आणि जीभ कोरडी करणारा, तर आता या दोघांच्या मधे या. तिसऱ्या-चौथ्या शॉटला जवळ पोचता. या सगळ्यात वजन बदलायचं नाही, टॅम्प करायचा, म्हणजे पूड दाबायचा, जोर बदलायचा नाही, फक्त दळण. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

टप्पा जवळ आल्यावर घड्याळाकडे कमी आणि जिभेकडे जास्त लक्ष द्या. ३३ सेकंदांचा शॉट गोड लागत असेल तर तो बरोबर आहे.

विजेच्या ग्राइंडरमध्ये बारीककडे जाताना मोटार चालू ठेवून डायल फिरवायची, नाहीतर मधे अडकलेल्या दाण्यांवर बर दाबला जातो. हातग्राइंडर मात्र रिकामा असतानाच फिरवा.

पूड उडते, डब्याला चिकटते, ओटा घाण होतो. ग्राइंडर खराब आहे का?

नाही, ती स्थिर वीज आहे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकायचा, किंवा ओल्या चमच्याचा दांडा बियांतून फिरवायचा आणि डबा हलवायचा. ही युक्ती डेव्हिड रॉस यांनी २००५ च्या सुमारास सुचवली, म्हणून तिला रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात. पुढे ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना हाताशी धरून यावर काम केलं आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थोडं पाणी घातल्याने वीज कमी होते, गुठळ्या कमी होतात आणि एस्प्रेसोत अर्कही जास्त उतरतो. थेंबच हं. चमचाभर पाणी घालाल तर आत लगदा होईल.

पावसाळ्यात रोज सेटिंग बदलावं लागतं. माझंच काही चुकतंय का?

मुंबई-कोकणात राहत असाल तर तुमचं काही चुकत नाही. भाजलेली बी ओलावा धरते आणि दळण बदलतं. वर उघड्या डब्यात आठवड्याच्या बिया भरून ठेवणं या हवेत तरी बंद करा. लागतील तेवढ्याच मोजून टाका, बाकीच्या हवाबंद ठेवा. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त पुरतील एवढ्या असतील तर छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका आणि गोठलेल्याच दळा. थंड बिया जास्त एकसारख्या दळल्या जातात, असं २०१६ च्या एका शोधनिबंधात दिसलं आहे. पुडी उघडून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नका. बाहेरच्या हवेतलं पाणी बियांवर धरतं.

लाइट रोस्ट हाताने दळताना घाम फुटतो.

फुटणारच. कमी भाजलेली बी कठीण असते, आणि एस्प्रेसोला ती आणखी बारीक हवी असते. दांडा हळू फिरवा आणि ग्राइंडर थोडा तिरका धरा, म्हणजे दाणे बरमध्ये कमी शिरतात आणि जोर कमी लागतो. मान्सून्ड मलबार (पावसाळी हवेत ठेवून फुगवलेली आपल्याकडची कॉफी) उलट बाजूचं. फुगलेली, ठिसूळ बी, लोण्यासारखी दळली जाते.

दांड्याऐवजी ड्रिल लावलं तर?

जुगाड म्हणून लोक करतात, चालतंही. बऱ्याच कंपन्या मग वॉरंटी नाकारतात, आणि एखादा खडा आत गेला तर हात थांबतो तसं ड्रिल थांबत नाही. विजेचाच घ्यायचा होता तर विजेचा घ्या.

ओट्यावर जागा आणि प्लग किती लागतो?

रुंदीपेक्षा उंची मोजा. वरच्या कपाटाखाली ग्राइंडर बसतो, पण झाकण काढून बिया टाकायला हात जात नाही, हे घरी आणल्यावर लक्षात येतं. घरगुती ग्राइंडर बहुधा ३०० वॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. साधा ६ अँपिअरचा प्लग पुरतो, इन्व्हर्टरवरही चालतात. १६ अँपिअरचा मोठा प्लग मशीनसाठी राखा.

सफाईला तांदूळ दळायचा सल्ला मिळाला आहे.

मसाल्याच्या मिक्सरला ठीक आहे, इथे नको. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो, मोटारीवर ताण येतो आणि पिठी आत राहते. आठवड्यातून एकदा ब्रशने आणि रबरी फुंकणीने पूड काढा, महिन्यातून एकदा बर उघडा. पाणी लावू नका. सगळे बर स्टेनलेस नसतात आणि दमट हवेत गंज लवकर धरतो. तेलकट डार्क रोस्ट वापरत असाल तर जास्त वेळा उघडावा लागेल.

अमेरिकेहून भाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू?

हातग्राइंडर खुशाल मागवा. विजेचा मागवताना खालची पट्टी वाचायला सांगा. तिकडचा १२० व्होल्टचा ग्राइंडर आपल्या २३० वर लावलात तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो फक्त व्होल्ट बदलतो, वीज तिकडच्या ६० ऐवजी इथल्या ५० हर्ट्झचीच राहते, आणि ओट्यावरची वाचवलेली जागाही तोच खातो. वॉरंटीचं इथे कुणी विचारणार नाही ते वेगळंच.

वापरलेला घ्यावा का?

बेलाशक, पण हातात घेऊन. बर उघडायला सांगा आणि दातांच्या कडेवरून नख फिरवा. धार नखाला अडली पाहिजे, गुळगुळीत लागली तर नव्या बरची किंमत धरून भाव करा. मग दांड्याचा आस धरून आडवा हलवून बघा. तिथे खेळ जाणवला तर सोडून द्या. बर सुटे मागवता येतात, बेअरिंग नीट बसवून देणारा माणूस मात्र शोधत फिरावं लागतं.